नवी रॅम टाकली की डिस्प्ले जातो: मदरबोर्ड बदलण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१३ च्या अखेरीस घेतलेला लॅपटॉप, प्रोसेसर कोअर आय५-४२००यू, मुळात ४ जीबीची एकच स्टिक आणि दुसरा स्लॉट रिकामा. तुम्ही ऑनलाइन ८ जीबीची ‘डीडीआर३ १६०० लॅपटॉप रॅम’ मागवली. ती रिकाम्या स्लॉटमध्ये लावली की पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. काढली की लॅपटॉप पूर्वीसारखा सुरू. जुनी काढून तिच्या जागी, म्हणजे पहिल्या स्लॉटमध्ये, नुसती नवी लावली तरी स्क्रीन काळीच. आणि तीच स्टिक मेहुण्यांच्या २०१२ च्या, तिसऱ्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये मात्र नीट चालते, पूर्ण ८ जीबी दाखवते. रत्नागिरीतल्या दुकानदाराने ‘स्लॉट गेलाय, मदरबोर्ड बदलावा लागेल’ असं सांगितलं. आता रॅम खराब की बोर्ड खराब, हे तुम्हाला हवंय.

बोर्ड बदलू नका. तुम्ही लिहिलेल्या माहितीतूनच बोर्डावरचा आरोप बराचसा गळून पडतो. पहिल्या स्लॉटमध्ये जुनी स्टिक चालते, म्हणजे तो स्लॉट चांगला आहे. त्याच चांगल्या स्लॉटमध्ये नवी स्टिक चालत नाही, म्हणजे अडचण त्या स्लॉटची नाही. नवी स्टिक दुसऱ्या लॅपटॉपमध्ये चालते, म्हणजे ती मेलेलीही नाही. लॅपटॉप चांगला, स्टिक चांगली आणि दोघांचं जमत नाही, अशीच ही परिस्थिती दिसते. ‘यातलं खराब काय’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘यांचं का जमत नाही’ हे शोधायला हवं. माझ्या टेबलावर रॅम वाढवताना ‘नो डिस्प्ले’ झालेले जे जुने लॅपटॉप येतात, त्यांत खरोखर बिघडलेला बोर्ड क्वचित निघतो. चुकीच्या जातीची रॅम आणि अर्धवट बसलेली स्टिक ही दोनच कारणं बहुतेक वेळा सापडतात.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय व्होल्टेजवर आहे, आणि तो जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात हीच गोष्ट सर्रास निसटते.

लॅपटॉपच्या डीडीआर३ रॅमच्या दोन जाती बाजारात आहेत. साधी डीडीआर३ चालते १.५ व्होल्टवर. डीडीआर३एल, म्हणजे कमी व्होल्टेजची, चालते १.३५ व्होल्टवर. दोन्हींना २०४ पिन, दोन्हींची खाच एकाच जागी, लांबीरुंदी तीच. त्यामुळे कुठलीही स्टिक कुठल्याही स्लॉटमध्ये अगदी सहज बसते आणि बसली म्हणजे चालणार असं वाटतं. साध्या डीडीआर३ ला नियमानुसार १.४२५ ते १.५७५ व्होल्ट मिळायला हवेत. डीडीआर३एल च्या स्लॉटमध्ये मिळतात १.३५. म्हणजे त्या चिपला लागणाऱ्या किमान व्होल्टेजपेक्षाही कमी. सुरू होताना बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम, आधी मेमरीशी जुळवून घेतो. तिथेच लिहिलेलं आणि वाचलेलं जुळत नाही आणि गाडं पुढे सरकत नाही. मेमरीच सुरू झालेली नसते, म्हणून डिस्प्लेही येत नाही. पंख्याला आणि दिव्याला मेमरीची गरज नसते, ते चालू राहतात.

उलट दिशेने मात्र अडचण नाही. डीडीआर३एल चिप १.५ व्होल्टवरही चालेल अशीच बनवलेली असते. म्हणून १.५ व्होल्टच्या जुन्या लॅपटॉपमध्ये डीडीआर३एल बिनधास्त टाकता येते.

आता मेहुण्यांच्या लॅपटॉपचं कोडं सुटतं. इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा मोबाइल प्रोसेसर साधी डीडीआर३ आणि डीडीआर३एल दोन्ही घेतो. तुमच्या चौथ्या पिढीच्या आय५-४२००यू साठी मात्र इंटेलच्या यादीत डीडीआर३एल आणि एलपीडीडीआर३ (बोर्डावरच जोडून येणारी कमी विजेची रॅम) एवढंच आहे, साधी डीडीआर३ नाहीच. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम हाताळणारा भाग, प्रोसेसरच्या आतच असल्यामुळे बोर्ड बदलून, म्हणजे त्याच प्रकारचा दुसरा बोर्ड घालूनही, हीच स्टिक पुन्हा हाच तमाशा करेल. दुसऱ्या लॅपटॉपमध्ये चालली म्हणून माझ्याही लॅपटॉपमध्ये चालायलाच हवी, हे गृहीतक इथे चुकतं. ती चाचणी एवढंच सांगते की स्टिक जिवंत आहे.

म्हणून आधी दोन्ही स्टिक शेजारी ठेवा आणि लेबलं वाचा. जुन्या स्टिकवर तुम्हाला बहुधा ‘पीसी३एल-१२८००एस’ असं सापडेल. त्यातला ‘एल’ हा कमी व्होल्टेजचा. नव्या स्टिकवर ‘पीसी३-१२८००एस’, म्हणजे ‘एल’ गायब, किंवा सरळ ‘१.५ व्ही’ लिहिलेलं असेल तर शोध इथेच संपला. १२८०० हा आकडा दोन्हींवर सारखाच असेल, तो वेगाचा आहे आणि बहुतेक लोक तेवढाच जुळवून खरेदी करतात. विक्रेत्याने ‘डीडीआर३ १६००’ लिहिलं ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

लेबलवर ‘एल’ आहे आणि तरीही चालत नाही, असं असेल तर लेबलावर लगेच विश्वास ठेवू नका. स्वस्तातल्या, बिननावाच्या स्टिकवर वरचा स्टिकर एक सांगतो आणि चिप दुसरंच असते, हे मी अनेकदा पाहिलंय. चिपवरचा क्रमांक मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून वाचा. एसके हायनिक्सची चिप ‘एच५टीसी’ ने सुरू होत असेल तर ती १.३५ व्होल्टची, ‘एच५टीक्यू’ असेल तर १.५ ची. मायक्रॉनच्या पूर्ण क्रमांकात ‘एमटी४१के’ म्हणजे १.३५ आणि ‘एमटी४१जे’ म्हणजे १.५. फक्त मायक्रॉन चिपवर छोटा सांकेतिक क्रमांक छापते, तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पूर्ण क्रमांक मिळवावा लागतो. एक काळजी घ्या: स्टिक परत करायची मुदत शिल्लक असेल तर स्टिकर सोलू नका. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर वॉरंटी नाकारतात. स्टिकरच्या आजूबाजूला एखादी तरी चिप उघडी दिसतेच.

मेहुणे हाताशी आहेत तर एक फुकटची चाचणी करून घ्या. त्यांच्या लॅपटॉपमधली मूळ स्टिक काढून लेबल पाहा. ती पीसी३एल असेल तर तुमच्या लॅपटॉपच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. लॅपटॉप सुरू झाला की तुमचा स्लॉट, प्रोसेसर आणि बोर्ड तिन्ही निर्दोष ठरतात, आणि दुकानदाराशी वाद घालायची गरजच राहत नाही. शिवाय परत करायची मुदत गेली असेल तर नवी ८ जीबी त्यांच्याकडे कायमची ठेवून त्यांची पीसी३एल तुम्ही घेऊ शकता. पैसे वाया जात नाहीत.

इथपर्यंत मी तुमच्या लॅपटॉपबद्दल बोललो. पण हे उत्तर दुसरं कुणी, वेगळा लॅपटॉप समोर ठेवून वाचत असेल तर त्याने व्होल्टेजलाच धरून बसू नये, कारण पिढीनुसार कारण बदलतं. २०१० च्या आसपासच्या पहिल्या पिढीच्या आय३, आय५ लॅपटॉपमध्ये अडचण येते ती चिपच्या क्षमतेची. त्यांचा मेमरी कंट्रोलर २ गिगाबिटपर्यंतच्या चिप ओळखतो (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). ४ जीबीची स्टिक दोन प्रकारे बनते: २ गिगाबिटच्या १६ चिप लावून, किंवा ४ गिगाबिटच्या ८ चिप लावून. लेबलवर पहिलीला ‘२आरएक्स८’ आणि दुसरीला ‘१आरएक्स८’ लिहिलेलं असतं. त्या जुन्या लॅपटॉपला पहिली चालते, दुसरी चालत नाही, आणि आज बाजारात मिळणारी बहुधा दुसरीच असते. तिथे सोप्पी खूण म्हणजे दोन्ही बाजूंच्या चिप मोजणं. १६ दिसल्या तर घ्या. कोअर २ ड्युओच्या काळातल्या जीएम४५ चिपसेटचीही हीच गत, तिथेही एकूण मर्यादा ८ जीबी. त्याहून जुन्या ९४५जीएम वाल्या लॅपटॉपमध्ये तर ४ जीबी टाकूनही साधारण सव्वातीन जीबीच हाती लागते, विंडोज कुठलीही असो. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १६ जीबी आहे, त्यामुळे ४ अधिक ८ हा बेत त्यात सहज बसतो. फक्त डीडीआर३ ची १६ जीबीची एकच स्टिक कुणी देऊ केली तर घेऊ नका, चौथ्या पिढीत ती चालत नाही.

आता समजा लेबल बरोबर निघालं, चिपही बरोबर निघाल्या. मग हाताने करायची कामं, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

चार्जर काढा, बॅटरी काढा. बॅटरी आत बसवलेली असेल तर मागचं कव्हर उघडल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेला चार्ज निघून जातो. चालू किंवा स्लीपमध्ये असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम काढणं-घालणं हा बोर्ड खरोखर घालवण्याचा खात्रीशीर मार्ग आहे. स्लीपमध्ये असताना स्क्रीन बंद दिसते, पण रॅमला वीज चालूच असते.

स्टिक सपाट दाबून बसवायची नसते. साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात स्लॉटमध्ये सरकवा, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला, आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिप टक्‌ करून बसल्या पाहिजेत. सोनेरी पट्टी एका बाजूला जास्त दिसत असेल तर स्टिक तिरकी बसली आहे. नवीन, न वापरलेला स्लॉट बराच घट्ट असतो, आणि लोक घाबरून कमी जोर लावतात. तुमचा दुसरा स्लॉट इतकी वर्षं रिकामाच होता, हे लक्षात घ्या.

रत्नागिरीत राहता म्हणून आणखी एक. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत उघड्या स्लॉटच्या पिनांवर बारीक थर चढतो. पुण्या-नाशिकच्या लॅपटॉपपेक्षा कोकणातल्या आणि गोव्यातल्या लॅपटॉपमध्ये मला हे जास्त आढळतं. स्टिकच्या सोनेरी पट्टीवरून मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि भुगा पूर्ण झटका. स्लॉटमध्ये मात्र खोडरबर, टाचणी, टूथब्रश काही घालू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब स्टिकच्या कडेला लावून ती दोन-तीनदा आतबाहेर करा, काढून ठेवा, आणि अल्कोहोल पूर्ण उडून गेल्यावरच वीज जोडा.

मग चार मांडण्या तपासा: जुनी स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये, जुनी दुसऱ्यात, नवी पहिल्यात, नवी दुसऱ्यात. प्रत्येक वेळी एकच स्टिक. यातल्या जुनी-पहिल्यात आणि नवी-पहिल्यात या दोन तुमच्या झाल्या आहेत. राहिलेल्या दोनांतली जुनी-दुसऱ्यात ही सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच तुमच्या दुकानदाराने केलेली दिसत नाही. दुसऱ्या स्लॉटमध्ये जुनी स्टिक एकटी चालली तर ‘स्लॉट गेलाय’ हे निदान तिथेच निकालात निघतं. नाही चालली तर मात्र घाई करू नका. काही लॅपटॉपांना पहिला स्लॉट भरलेला लागतोच, दुसऱ्या स्लॉटमधल्या एकट्या स्टिकवर ते सुरू होत नाहीत. अशा वेळी पहिल्यात जुनी तशीच ठेवून दुसऱ्यात मेहुण्यांची पीसी३एल लावून पाहणं हाच योग्य मार्ग.

प्रत्येक बदलानंतर सुरू करताना एक-दोन मिनिटं थांबा. रॅम बदलल्यावर पहिल्या वेळी काही लॅपटॉप नेहमीपेक्षा जास्त वेळ काळे राहतात, काही आपणहून एकदा बंद होऊन परत सुरू होतात. दहा सेकंदांत बटण दाबून बंद केलं तर चालणारी स्टिकही तुम्ही ‘नापास’ ठरवाल. बीप ऐकू आले किंवा कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकला तर ते मोजून लिहून ठेवा. त्याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडतो.

बायोस अपडेट करावा का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. लेबल बरोबर आहे, स्टिक नीट बसली आहे, तरीही चालत नाही, तेव्हाच त्याचा विचार करा. कंपन्या अपडेटमध्ये कधी कधी मेमरीची सुसंगतता सुधारतात, हे खरं. पण अपडेट करायचा तो फक्त जुनी, भरवशाची स्टिक लावून, बॅटरी पुरेशी चार्ज असताना आणि चार्जर जोडलेला असताना. संशयित रॅम लावून कधीच नाही. अपडेटची फाइल आधी रॅममध्ये येते आणि तिथून बायोसच्या चिपवर लिहिली जाते. रॅमने एक बिट जरी बदलला तरी चुकीचं लिहिलं जाईल, आणि मग खरोखरच बोर्डावर काम करायची वेळ येईल. साध्या डीडीआर३ ची अडचण असेल तर कुठल्याही अपडेटने ती सुटणार नाही.

योग्य स्टिक लावल्यावर लॅपटॉप सुरू झाला की आधी बायोसमध्ये जाऊन १२ जीबी दिसते का पाहा, मग विंडोजमध्ये. हा क्रम यासाठी की बायोसमध्ये पूर्ण दिसत असेल आणि विंडोजमध्ये कमी, तर हार्डवेअर सोडून सेटिंगकडे वळायचं. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढे जाणारच नाही, ६४ बिट टाकावी लागेल. आपल्याकडे खूप विकल्या गेलेल्या विंडोज ७ होम बेसिकला ६४ बिटमध्येही ८ जीबीची मर्यादा होती. तुमच्याकडे विंडोज १० आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. तिसरी शक्यता म्हणजे विंडोजच्या ‘एमएसकॉन्फिग’ या सेटिंगच्या साधनातल्या बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’ वर कुणीतरी टिक करून ठेवलेली असते. लॅपटॉप वेगवान होईल म्हणून ही टिक करायचा सल्ला बऱ्याच व्हिडिओंमध्ये देतात. त्याने वेग वाढत नाही, उलट रॅम अडवली जाते. ती टिक काढा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. शंभर-दोनशे एमबी ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ दिसली तर ती अंगभूत ग्राफिक्ससाठी आहे, त्यात बिघाड नाही.

४ आणि ८ असं असमान मिश्रण चालतं. इंटेलचा कंट्रोलर दोन्हींतले ४-४ जीबी जोडीने वापरतो आणि उरलेले ४ एकेरी. ग्राफिक्सच्या कामात दोन सारख्या स्टिक थोड्या सरस ठरतात, पण वर्ड, एक्सेल, ब्राउझर, टॅली यांत तुम्हाला फरक जाणवणार नाही. त्यासाठी जुनी ४ काढून ८ ची जोडी घेण्याचा खर्च मी करणार नाही.

सुरू झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम टाका, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी आहे, पण ती सौम्य आहे, तिच्यातून सुटलेल्या चुका मेमटेस्टमध्ये पकडल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. चूक दाखवणारी एकही लाल ओळ आली तर स्टिक परत करा. ‘फक्त एक-दोनच एरर आहेत, चालेल’ असं दुकानात कुणी म्हणालं तर ऐकू नका. अधूनमधून येणारी एकच चूक सगळ्यात घातक असते, कारण ती निळ्या स्क्रीनच्या आधी तुमच्या फायली गुपचूप बिघडवते.

नवी घ्यायची झाली तर दुकानात एवढंच मागा: ‘लॅपटॉपची डीडीआर३एल, ८ जीबी, पीसी३एल-१२८००एस, १.३५ व्होल्ट.’ पावतीवर ‘डीडीआर३एल’ हा शब्द लिहून घ्या, कारण नंतर परत करताना तोच तुमच्या बाजूने बोलतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या भागात कुणी ओळखीचं जात असेल तर त्यांच्यासोबत जुनी स्टिकच पाठवा, नुसता तिचा फोटो नको. लॅपटॉपमधून निघालेली ब्रँडेड जुनी स्टिक अनोळखी नावाच्या नव्या स्टिकपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते, फक्त आठवडाभर बदलून देण्याची तोंडी नव्हे, लेखी हमी घ्या.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलतो. तुमच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून या लॅपटॉपमध्ये एक स्टिक घालणं मला पटतं, बोर्ड घालणं अजिबात पटत नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावल्याचं तुम्ही लिहिलंय, ते चांगलं केलंत. ती नसती तर आधी एसएसडी आणि मग रॅम असं मी सांगितलं असतं.

आज दोनच गोष्टी करा: दोन्ही स्टिकच्या लेबलांचे स्पष्ट फोटो काढा, आणि जुनी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी लावून पाहा. ते फोटो, त्या चाचणीचा निकाल आणि लॅपटॉपचा खालच्या बाजूला लिहिलेला पूर्ण मॉडेल क्रमांक कळवा. नव्या स्टिकवर ‘एल’ असूनही ती चालत नसेल, तर पुढचं आपण त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहून ठरवू.